लाल ठिपका

मागच्या रविवारी आमचा मिक्सर बिघडला. म्हणजे मोटर मस्त फिरत होती, फक्त भांड्यातलं पातं हलत नव्हतं. बायकोने सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडच्या मुलाने मॉडेल नंबर विचारला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "मॅडम, याचा कपलर आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका."

मी मिक्सर उलटा करून त्याच्या चार स्क्रूंकडे बघत बसलो. सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, नावापुढे इंजिनीअर लागतं, आणि घरातला स्क्रूड्रायव्हर कुठे आहे हे मला माहीत नव्हतं! मिस्त्रीबाप्पा असते तर त्यांनी काय केलं असतं ते मात्र डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं. आधी काहीच केलं नसतं. बटण दाबून, डोळे मिटून, मान तिरकी करून नुसतं ऐकलं असतं.

मिस्त्रीबाप्पा २०२४ च्या दिवाळीनंतर गेले. तेव्हापासून त्यांच्यावर लिहीन लिहीन म्हणतोय आणि टाळतोय. टाळण्याचं कारण आहे, ते पुढे येईलच.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. वडील तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. गावाच्या फाट्यावर पत्र्याचं एक शेड होतं. बोर्ड नव्हता, कारण गरज नव्हती. मोटार, इंजिन, बैलगाडी, सायकल, रेडिओ, कुलूप, शिलाई मशीन, देवळातला लाउडस्पीकर, जे काही चालायचं बंद होई ते त्या शेडमध्ये येई. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. आम्ही पोरं मिस्त्रीबाप्पा म्हणायचो. (पुण्यातल्या मित्रांना 'बाप्पा' म्हटलं की गणपतीच आठवतो. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला सरळ बाप्पा म्हणतात. "काय बाप्पा, कुठं निघालात?" असं.)

शिक्षण चौथी. जन्म निजामाच्या राजवटीतला, म्हणजे १९४८ च्या आधीचा. १९७२ च्या दुष्काळात ते पंचविशीत होते. तेव्हा अख्खा मराठवाडा खडी फोडत होता, पाझर तलावांवर माती टाकत होता, सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो खात होता. बाप्पाही तलावाच्या कामावर होते. तिथलं पाणी उपसायचं इंजिन बंद पडलं आणि फिटरला हाताखाली माणूस हवा होता, तर हे पुढे झाले. "म्या नुसती बत्ती धरली व्हती," असं ते सांगायचे. पण बत्ती धरता धरता त्यांनी इंजिनाचं सगळं आतडं बघून घेतलं. त्या फिटरने पुढे त्यांना परळीला नेलं. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला होता आणि पुढची कामं चालू होती. तिथे काही वर्षं हेल्पर म्हणून काढली. वेल्डिंग शिकले, मोटारींचं वाइंडिंग शिकले, आणि एक दिवस गावी येऊन फाट्यावर चार पत्रे उभे केले.

मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्या शेडमध्ये पडीक असायचो. घरी आईची समजूत अशी की पोरगं काहीतरी शिकतंय. शिकत काही नव्हतो, पाना दे म्हटलं की पाना द्यायचो. पण बघायला इतकं काही होतं!

जळालेल्या मोटारीची जुनी तांब्याची तार काढून नवी भरायची म्हणजे प्रत्येक कॉइलचे वेढे मोजावे लागतात. एक वेढा चुकला तरी बाप्पांना चालायचं नाही. त्यांच्याकडे दोन वाट्या होत्या. दहा वेढे झाले की एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत. मध्ये कोणी गिऱ्हाईक येऊन गप्पा मारत बसलं तरी हिशोब वाट्यांमध्ये सुरक्षित. वार्निश वाळवायला भट्टी नव्हती. रॉकेलच्या जुन्या पिंपात दोनशे वॅटचा बल्ब लावून त्यात मोटार ठेवायचे, आणि लाइट गेलेली असेल तर मे महिन्याचं ऊन होतंच. बीडचं ऊन हे त्यांच्या मते फुकटातलं वर्कशॉप होतं.

बेअरिंग गेलंय का हे बघायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचे आणि मूठ कानाला. एकदा मलाही ऐकवलं. मला नुसती घरघर ऐकू आली. "नीट ऐक. घरघर नको ऐकू. घरघरीच्या मागं बारीक खर्र खर्र हाय का, ते बग." आज मी सर्व्हरचे लॉग वाचताना कधीकधी हेच करत असतो, फक्त कानाऐवजी डोळ्यांनी.

पण त्यांची खरी धावपळ असायची दसरा ते दिवाळी. आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात हे तुम्ही बातम्यांमध्ये वाचलं असेल. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर निघायचं, ते उन्हाळ्यात परत. निघायच्या आधी टायरगाड्यांची रांग बाप्पांच्या शेडसमोर लागायची. आस वाकलाय, बेअरिंग खाल्लंय, जू फाटलंय. गाडी रस्त्यात मोडली की त्या दिवसाची मजुरी गेली, वर उचल फिटायची लांबली. त्यामुळे या गाड्यांचं काम ते रात्री कंदील लावून करायचे.

अशाच एका सीझनला एक बाई गाडीबरोबर आली, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. उसाच्या फडात झोळी बांधायला झाड नसतं, लेकरू बांधावर पालापाचोळ्यात ठेवावं लागतं, असं ती सहज बोलता बोलता म्हणाली. तक्रार म्हणूनही नाही. बाप्पांनी दुसऱ्या दिवशी जुन्या पाइपाची तिवई करून दिली. तीन पाय, वर एक कडी, कडीला झोळी. मिटवली की गाडीच्या बाजूला अडकवता येते. पुढच्या वर्षी अशा सात-आठ तिवया केल्या. त्यानंतर मोजल्या नाहीत. पैसे विचारले की म्हणायचे, "पाइप भंगारातला हाय, त्याचे कसले पैशे."

इथपर्यंत वाचून तुमच्या मनात एक शब्द आला असेल, 'जुगाड'. माझ्याही मनात अनेक वर्षं तोच होता. २०१२ मध्ये 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा आमच्या ऑफिसात त्यावर प्रेझेंटेशनं झाली, आणि मी मोठ्या ऐटीत माझ्या गावच्या मिस्त्रींची उदाहरणं दिली. टाळ्या मिळाल्या. त्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा हे बाप्पांना सांगितलं. वाटलं खूश होतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरा पार्ट मिळाला आसता तर म्या तार कामून बांधली आसती, लेकरा?"

त्या वाक्यामागे काय आहे ते मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. आता ते सांगायला हवं.

१९९४ चा मे महिना. मी दहा वर्षांचा. गावातल्या एका शेतकऱ्याची कडबा कुट्टी दुरुस्तीला आली. तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. एका पन्हाळीतून कडबा आत सरकवायचा, दोन दातेरी रोलर तो ओढून घेतात, आणि पलीकडे मोठ्या चाकावर बसवलेली पाती त्याचे तुकडे करतात. बाजूला एक दांडा असतो. तो ओढला की रोलर थांबतात, उलटे फिरतात. हात आत ओढला जाऊ लागला तर वाचवणारा तो एकच दांडा. त्याचीच पिन मोडली होती. तशी पिन अंबाजोगाईला मिळणार होती. पण जनावरं उपाशी होती, मालक घाईत होता. बाप्पांनी जाड तार दुहेरी करून, पिळून, पिनेच्या जागी घातली. चार वेळा ओढून बघितली. म्हणाले, "आठ दिवस चालंल. बाजाराला गेलो की पिन आणतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाजाराच्या दिवशी मला आठवण कर रे. इसरू नको."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मामा आला आणि मी सुट्टीला मामाच्या गावी गेलो.

जूनमध्ये परत आलो तेव्हा शाळा, नवी पुस्तकं, पेरणीची धांदल. मला पिन आठवली नाही. बाप्पांनाही नाही, कारण पाऊस लांबला होता आणि विहिरींवरच्या मोटारी एकामागून एक जळून येत होत्या. त्या काळात तीन फेजपैकी एक गेली की लोक कंडेन्सर लावून दोनवरच मोटार रेटायचे. उरलेल्या दोन फेजवर जादा करंट, मोटार तापते, इन्सुलेशन जळतं. बाप्पा प्रत्येकाला ओरडून सांगायचे आणि प्रत्येक जण जळकी मोटार घेऊन यायचा.

ऑगस्टमध्ये ती तार तुटली. शेतकऱ्याची मुलगी कडबा घालत होती, चौदा वर्षांची, शाळेत माझ्या चार वर्षं पुढे. तिने दांडा ओढला होता. दांडा हातात आला आणि रोलर फिरत राहिले. उजव्या हाताची चार बोटं गेली.

बाप्पांनीच तिला जीपमध्ये घालून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. अकरा दिवस ते तिथेच होते, व्हरांड्यात झोपायचे. परत आल्यावर वेल्डिंग मशीन विकून टाकलं आणि पैसे मुलीच्या बापाला दिले. बाप घेत नव्हता. गावातली शहाणी माणसं म्हणाली, मिस्त्री, यंत्र आहे, होतं कधीकधी. ते एवढंच म्हणत राहिले, "यंत्रानं न्हाई केलं. तार मपली व्हती."

दोन महिने शेड बंद होतं. मी तिकडे फिरकलो नाही. लोकांना वाटलं पोरगं घाबरलंय. खरं कारण मी कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. आठवण करायची माझ्याकडे होती.

दिवाळीच्या तोंडावर टायरगाड्या येऊ लागल्या तेव्हा शेड उघडलं. तिथे दोन नव्या वस्तू होत्या. लाल ऑइल पेंटचा छोटा डबा आणि एक लांबोडी वही. त्या दिवसापासून नियम सुरू झाला. खरा पार्ट न घालता केलेली कुठलीही दुरुस्ती, मग ती तार असो, पत्र्याची चकती असो की सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तिच्यावर लाल ठिपका पडणार. आणि वहीत नोंद: कोणाचं, काय, कशाच्या जागी काय घातलं, कधीपर्यंत बदलायचं. गिऱ्हाईक हसायचे. "मिस्त्री, इंजिनाला कुंकू लावलं का?" बाप्पा हसायचे नाहीत. मुदत आली की पार्ट घेऊन स्वतः सायकलवर जायचे. शेतकरी म्हणायचा, "आवो, चांगलं चाललंय की, राहू द्या." ते राहू द्यायचे नाहीत. पार्टाचे पैसे मिळाले तर मिळाले.

त्या मुलीसाठी त्यांनी चामड्याच्या पट्ट्याला पाइपाचा तुकडा जोडून एक पकड केली. तळहातावर बांधायची, तुकड्यात खुरपं बसतं, उलथनं बसतं, पेन बसतं. पहिली टोचायची, दुसरी जड झाली, तिसरी घामाने सुटायची. चौथी जमली. पट्टा झिजला की बदलून द्यायचे, तीस वर्षं.

बाप्पा इंजिनांच्या संदर्भात किर्लोस्करांचं नाव नेहमी घ्यायचे. मोठा झाल्यावर मी लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल वाचलं तेव्हा मला शेडमधलाच माणूस भेटल्यासारखं वाटलं. जन्म १८६९. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, आणि रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सोडून यंत्रांकडे वळले. बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंधच्या राजांनी जागा आणि कर्ज दिलं आणि माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट मी बाप्पांना वाचून दाखवली होती. नांगराच्या जागेपाशी त्यांनी मला थांबवलं. "दोन वर्सं लागली म्हण की इस्वास बसायला." थोडं थांबून म्हणाले, "आन् जायला एक दुपार."

ते एकदा मला बीडला खजाना बावडी दाखवायलाही घेऊन गेले होते. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो आणि आपल्याला बरंच कळतं असं मला वाटत होतं. सोळाव्या शतकातली ही विहीर, अहमदनगरच्या निजामशाहीतल्या सलाबतखानाने बांधून घेतलेली. काम राजा भास्कर नावाच्या कारागिराने केलं असं सांगतात. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तसंच उताराने पुढे बलगुजार भागातल्या शेतांकडे जातं. पंप नाही, मोट नाही, सगळं काम उताराचं. बाप्पा पायऱ्यांवर चप्पल काढून बसले, देवळात बसावं तसे. बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, "ह्याच्यात लाल ठिपका द्यायला जागाच न्हाई बग."

मला वाटतं तारेच्या कौतुकाचा त्यांना राग का यायचा ते त्या दिवशी मला अर्धंमुर्धं कळलं. अडल्या वेळी तार बांधणं ही हुशारी त्यांच्याकडे भरपूर होती, आणि तिचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. ती गरजेपोटी येते, आमच्याकडे सगळ्यांनाच थोडीफार येते. परत जाऊन ती तार काढणं, हे त्यांच्या लेखी काम होतं. आणि त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

माझ्याही टाळ्या वाजवण्यासारख्या तारा आहेत म्हणा! एका कंपनीत असताना आम्ही कंत्राटी कामगारांच्या पगाराची सिस्टिम करत होतो. रिलीजच्या आदल्या रात्री एक अडचण आली, मी दहा ओळींचा पॅच मारला आणि वर कॉमेंट लिहिली, 'तात्पुरतं. नंतर नीट करणे.' सकाळी सगळ्यांनी पाठ थोपटली. तो पॅच सहा वर्षं तसाच चालला आणि नेमका एका दिवाळीच्या आठवड्यात फुटला. काहीशे माणसांचे पगार चार दिवस अडकले. दिवाळीचे चार दिवस. नंतरच्या मीटिंगमध्ये मी तोंड वर करून म्हणालो, "लेगसी कोडचा इश्यू होता." कोणी पुढे विचारलं नाही. लेगसी! तार मपली व्हती.

असो.

बाप्पांच्या तेराव्याला मी गेलो. नगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा करत केज. गाव अर्धं रिकामं होतं, कारण ऊसतोडीची माणसं निघून गेली होती. ज्यांच्या गाड्या त्यांनी रात्र-रात्र जागून उभ्या केल्या त्यातलं फारसं कोणी तेराव्याला नव्हतं, आणि यात त्यांचा काहीच दोष नाही. बीडला रेल्वे यायलाही अजून अवकाश होता. ती १७ सप्टेंबर २०२५ ला आली. नगर-बीड-परळी लाइनचं ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली. बाप्पांना ते इंजिन बघायचं होतं, राहून गेलं.

शेडचं कुलूप अक्कांनी उघडलं. अक्का म्हणजे तीच मुलगी. आता चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत, गावच्या अंगणवाडीत सेविका आहेत. शेवटची पाच-सहा वर्षं बाप्पांना दिसत नव्हतं, तेव्हा वहीतल्या नोंदी त्या लिहायच्या, डाव्या हाताने. बाप्पा खाटेवरून सांगायचे, फाट्यावरच्या गॅरेजचा पोरगा पार्ट बसवायचा, आणि अक्का लिहायच्या. मला हे काहीच माहीत नव्हतं.

मी त्यांना विचारलं, "बाप्पांनी तुमची माफी मागितली होती का हो कधी?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "बोलले न्हाईत कधीच. पण दर महिन्याला येऊन आमची कुट्टी तपासायचे. नवी घेतली तरी यायचे. आधी मला राग यायचा. मग नंतर एखाद्या महिन्याला उशीर झाला की मीच वाट बघायचे."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. मे महिना, बाजाराचा दिवस, आठवण कर म्हटलेलं, मामाचा गाव, सगळं. तीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोललो. आवाज फुटत नव्हता.

अक्का बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दहा वर्षांचं लेकरू व्हतास तू. तुझ्या ध्यानावर मशीन चालत आसते का?" आणि फळीवरून वह्यांचा गठ्ठा काढून सगळ्यात जुनी वही माझ्यासमोर धरली. १९९४ ची. पहिल्या पानावर नोंद नव्हती. चौथी शिकलेल्या माणसाच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात दोनच ओळी होत्या. 'ध्यानात ठेवायचं नाही, लिहायचं. दुसऱ्यावर टाकायचं नाही.'

म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. पाना दे म्हटल्यावर पाना देणाऱ्या पोराला त्यांनी काय सांगितलं होतं ते आणि ते पोर दोन महिने का फिरकलं नाही तेही. पुढची तीस वर्षं मी सुट्टीत जाऊन त्यांच्याशी गप्पा मारल्या, चहा प्यायलो, आणि एका शब्दाने त्यांनी ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

शेवटच्या वहीत अकरा नोंदी उघड्या होत्या. म्हणजे ठिपका आहे, पार्ट बदलायचा बाकी आहे. "तीन झाल्या," अक्का म्हणाल्या, "बाकीच्या संक्रांतीपर्यंत करून टाकू." मी यादी वाचत गेलो आणि सातव्या नोंदीवर थांबलो. 'गुरुजींचं घर. झोपाळ्याचा हुक. मोठा बोल्ट मिळाला नाही, बारीक घातला. जड माणसाने बसू नये.' गुरुजी म्हणजे माझे वडील. घर म्हणजे आमचं घर. त्याच झोपाळ्यावर सकाळी मी चहा पीत बसलो होतो.

घरी जाऊन स्टुलावर चढून बघितलं. कडीच्या वरच्या बाजूला, खालून दिसणार नाही असा, लाल ठिपका.

केजला जाऊन बोल्ट आणला. गॅरेजचा पोरगा म्हणाला, मी बसवून देतो. म्हटलं, नको. मला साडेचार तास लागले, दोनदा बोट चेचलं, आणि जुना बोल्ट गंजलेला असल्यामुळे शेवटी कापावा लागला. पण बसवला. संध्याकाळी अक्कांनी येऊन आधी स्वतः झोका घेतला, मग वहीत सातव्या नोंदीवर डाव्या हाताने रेघ मारली.

सोमवारी ऑफिसात सध्याच्या प्रोजेक्टचा सगळा कोड उघडून 'तात्पुरतं', 'नंतर', 'टूडू' असं शोधलं. एकूण अठ्ठावन्न निघाले, त्यातले चौदा माझे. एका वर्षात नऊ काढलेत. कोणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. जुन्या कंपनीतल्या माझ्या त्या वेळच्या मॅनेजरला मेल लिहिली, की तो पॅच माझा होता. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "अरे जाऊ दे, किती जुनी गोष्ट." जाऊ देण्यासारखी होती की नाही ते त्या कामगारांनी ठरवायचं, पण त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.

हां, मिक्सर राहिला! रविवारी तपकीर गल्ली बंद, म्हणून आज शनिवारी सकाळी गेलो. तिसऱ्या दुकानात एका काकांनी तुटका कपलर हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाले, "हा नाही मिळायचा. दुसऱ्या मॉडेलचा देतो, थोडा घासून घ्या." चाळीस रुपये. घरी येऊन कानस शोधली (नव्हती, शेजारच्यांकडून आणली), घासला, बसवला. चटणी झाली.

मग बायकोची लाल नेलपॉलिश घेतली आणि मिक्सरच्या खालच्या बाजूला एक ठिपका दिला.

"हे काय?" तिने विचारलं.

"तात्पुरतं आहे," म्हटलं, आणि वही आणायला उठलो.